जाई तोडायचा दिवस

लिंबाजी कोयता घेऊन आला तेव्हा निकिता जाईच्या बुडाशी बसून खुरप्यानं आळं मोकळं करत होती. त्यानं कोयता पाठीमागं धरला आणि तो अंगणाच्या कडेलाच थांबला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून थोरल्या जावेला, राजेश्रीला, दोघंही दिसत होती. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली आणि करपल्याचा वास आला तेव्हा तिनं तवा खाली घेतला.

"वहिनी, किशनरावांनी बोलवलं व्हतं," लिंबाजी म्हणाला.

"माहीत हाय मला."

"तुमी जरा बाजूला झाल्या असत्या तर घडीभराचं काम हाय."

"मी न्हाई उठणार, लिंबाजीभाऊ. तुमी वट्ट्यावर बसा. जाऊबाई चहा देतील."

लिंबाजी गेला नाही आणि पुढंही आला नाही. गावातली झाडं तोडायची, फांद्या छाटायची कामं त्याच्याकडंच असत. पण लेकरू गेलेल्या बाईला उठवून वेल तोडायची हे काम त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तो वट्ट्याच्या पायरीवर टेकला आणि कोयता त्यानं पायाखाली सरकवून ठेवला.

निकिता पुन्हा खाली वाकली. वेल अशी फुलली होती की बघवत नव्हतं. महिनाभर कुणी एक कळी खुडली नव्हती. रोज संध्याकाळी सगळा मांडव पांढरा व्हायचा आणि सकाळी अंगणभर तपकिरी, चिकट सडा पडलेला असायचा. निकिता तो झाडून काढायची, सुकलेली टोकं खुडायची, वाऱ्यानं सुटलेल्या फांद्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी तारेला बांधायची. गावातल्या बाया पाण्याला जाता-येता बघायच्या. काय बोलायच्या ते राजेश्रीनं ऐकलं होतं. लेकरू खाल्लं त्या वेलीनं, आन् आई तिची निगा करायली.

ही जाई निकितानं लग्नाच्या वर्षी जिंतूरहून आणली होती. माहेरच्या वेलीची फांदी मातीत दाबून ठेवून मुळं धरलेलं रोप, दुधाच्या पिशवीत, मांडीवर. राजेश्री तेव्हा हसली होती. "ह्या उन्हाळ्यात माणसं करपायलीत, ही काय टिकायली?" पण निकितानं ती न्हाणीच्या मोरीशी लावली, चैत्र-वैशाखात तिच्याभोवती ओलं पोतं गुंडाळलं, आणि पुढच्या पौषात पाणी तोडून, पानं ओरबाडून तिला कंबरेइतकी छाटली, तेव्हा ती आता मेलीच असं सगळ्यांना वाटलं. मग शेणखत घालून पाणी सोडल्यावर महिन्याभरात फुटवे आले. त्या वर्षापासून राजेश्रीही कळ्या खुडायला जाऊ लागली. दोघी जावा संध्याकाळी तिथंच भेटायच्या, तिथंच सासू-सासऱ्यांबद्दल बोलायच्या. राजेश्रीला मूलबाळ नव्हतं. अर्पिता चालायला लागल्यावर खालच्या फांद्यांवरच्या कळ्या अर्पिताच्या, असा कायदाच झाला होता.

श्रावणात एका संध्याकाळी त्या खालच्या कळ्या खुडताना अर्पिताला नाग चावला. सहा वर्षांची होती. निकिता आत कणीक मळत होती आणि नवरा परमेश्वर जिंतूरहून यायच्या एसटीत होता. तो तिथं एका शाळेत क्लार्क होता. सासऱ्यांनी, किशनरावांनी, थोरल्या लेकाला हाक मारली. महारुद्रनं मोटारसायकल काढली, मागं सासू धुरपताबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या आणि गाडी गेली. अजून एका माणसाला जागा नव्हती. पिठाच्या हातांनी निकिता शेजारच्या दत्तरावांकडं धावली आणि त्यांच्या जीपमधून मागून निघाली.

तालुक्याच्या दवाखान्यात निकिता आधी पोचली. मोटारसायकल खूप उशिरा आली. पंक्चर झाली होती, महारुद्र म्हणाला. डॉक्टरांनी आणल्या आणल्या इंजेक्शनं सुरू केली, पण पोरीचा श्वास तोवर तुटत आला होता.

राजेश्रीनं तवा परत चुलीवर ठेवला. पंक्चर झाली नव्हती हे तिला माहीत होतं. महारुद्रनंच सांगितलं होतं, भिंतीकडं तोंड करून, आणि सांगून झाल्यावर म्हणाला होता, परमेश्वरला कळलं तर हे घर राहत न्हाई. तेव्हापासून ती निकिताच्या समोर एकटी जात नव्हती.

*

दुपारी निकिताचा भाऊ नागेश गाडी घेऊन जिंतूरहून आला, त्याच्या आधीच किशनरावांनी सगळ्यांना वट्ट्यावर बोलावलं होतं. ते खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या एका बाजूला महारुद्र, दुसऱ्या बाजूला परमेश्वर. धुरपताबाई दाराच्या चौकटीत आणि त्यांच्या मागं राजेश्री. नागेशला सतरंजी टाकली. निकिता अजून वेलीखालीच होती. तिथून तिला सगळं ऐकू येत होतं आणि त्यांना ती दिसत होती.

"पावणे, तुमीच समजावा तिला," किशनराव म्हणाले. "लिंबाजी सकाळधरनं बसून हाय. वेल घरापाशी नसावी हे मी पयल्यापासून सांगायलोय. वासाला जनावर येतंय. तवा ऐकलं असतं तर आज ही येळ आली नसती."

नागेशनं बहिणीकडं बघितलं. महिन्यात ती निम्मी झाली होती. तो तिला माहेरी न्यायला आला होता आणि भांडण लांबवायची त्याची तयारी नव्हती.

"ताई, तोडू दे," तो म्हणाला. "वेलीत काय हाय? आपल्या दारात तीच वेल हाय. चल माझ्यासंगं. आई वाट बघायली."



परमेश्वर पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. त्यालाही ती वेल नको होती. रात्री खिडकीतून वास आला की तो उठून खिडकी लावून घ्यायचा आणि उकाड्यात घामानं भिजून पडायचा. देवगाव फाट्याला उतरला त्या वेळी भावाचा फोन आला होता. तिथून तो कुणाच्या तरी टेम्पोत बसून दवाखान्यात पोचला तेव्हा अर्पिताच्या तोंडावर मास्क होता आणि डोळे अर्धवट मिटलेले होते. तिनं त्याला ओळखलं की नाही हे त्याला कळलं नाही. त्यानंतर निकितानं त्याला एकदाच विचारलं होतं, "तुमाला पंक्चरचं खरं वाटतं का?" तो तिच्यावर खेकसला होता. भाऊनं आपल्या हातानं पोरीला उचलून आत नेलं, त्याच्या डोळ्याचं पाणी खळंना, आणि ही त्याच्यावर संशय घेते. त्या दिवसापासून नवरा-बायकोत कामापुरतं बोलणं होतं.

"आबा, विचारायचं काय त्यात," परमेश्वर म्हणाला. "लिंबाजीभाऊ, चला. मी तिला उठवतो."

तो अंगणात उतरला. निकिता आपणहून उभी राहिली. तिनं हात झाडले, पदर खोचला आणि त्याला ओलांडून वट्ट्यापाशी आली. पायरी चढली नाही.

"तोडायची ना? मीच तोडते," ती सासऱ्यांना म्हणाली. "लावली मी, तोडणार पण मी. पण मामा, त्याच्या आधी मला कुणीतरी सांगा. त्या दिवशी गाडी कुठं होती?"

"परत तेच," किशनराव म्हणाले.

"परत न्हाई. तुमच्या तोंडासमोर पयल्यांदाच विचारायले."

"पंक्चर झाल्ती," महारुद्र म्हणाला. त्याचा आवाज बसलेला होता. "फाट्याच्या अलीकडं."

"भाऊजी, मी त्याच रस्त्यानं गेले. जीपच्या काचेतून मी रस्त्याशिवाय दुसरं काय बघत होते? फाट्यापतुर गाडी न्हवती. फाट्याच्या पुढं तालुक्यापतुर न्हवती. तुमी माझ्या आधी निघाला होता."

"रस्त्याच्या खाली घेतली व्हती. लिंबापाशी."

"लेकरू तसं असताना तुमी रस्त्याखाली घेतली? येणाऱ्या-जाणाऱ्याला हात केला न्हाई? दत्तरावांची जीप तुमी ओळखत न्हाई का?"

"निकिता, पुरे," परमेश्वर मागून म्हणाला. "भाऊला पोरीपेक्षा गाडी मोठी होती का? माझं तोंड बघून तरी गप बस."

ती त्याच्याकडं वळली. "गप बसले की. महिनाभर गप आहे. गावात बाया काय म्हणतात ते तुमाला कुणी सांगितलं न्हाई. आईला गजऱ्याची हौस, हौसेपायी पोरगी घालवली. मामा रोज पारावर सांगतात, वासाला जनावर आलं. आज वेल तोडली की झालं. ज्यानं मारलं ते गेलं म्हणायचं, आन् सगळ्यांनी जेवायला बसायचं. म्हणून मी तोडू दिली न्हाई. मला वेलीचं काय करायचं हाय?"

नागेश सतरंजीवरून उठला होता. बहीण शोकानं भ्रमिष्टासारखी झाली असं त्याला फोनवर सांगितलं होतं. तो आता महारुद्रकडं बघत होता.

"महारुद्रराव, गाडी कुठं होती?" त्यानं विचारलं.

महारुद्रनं वर बघितलं ते आईकडं. मार खाऊन घरी आल्यावर लहानपणी जसा बघायचा तसं.

*

धुरपताबाईंना ते बघणं सहन झालं नाही. महिनाभर त्यांना भाकरीचा घास गिळवत नव्हता. नात मांडीवर होती ती जागा अजून जड वाटायची. बसल्या की हात आपोआप पुढं धरला जायचा. नवऱ्यानं सांगितलं होतं, दोन्ही लेकं एका घरात ठेवायची असतील तर तोंड उघडायचं न्हाई. त्यांनाही ते पटलं होतं. एक गेलंच, आता उरलेलं तरी राहू दे.

"पंक्चर झालीच न्हवती," त्या म्हणाल्या.

"धुरपता," किशनराव म्हणाले.

"न्हवती झाली. आता मला बोलू द्या. फाट्यावर गाडी तालुक्याकडं गेलीच न्हाई. वालूरच्या रस्त्याला लागली. सटवाजीच्या वस्तीवर."

परमेश्वरला आधी ते नाव कळलंच नाही. मग त्याला आठवलं. साप उतरवणारा सटवाजी. लहानपणी शेतात कुणाला पान लागलं, साप चावला, की त्याच्याकडं न्यायचे.

"सटवाजीकडं?" तो म्हणाला. "माझ्या पोरीला?"

"ह्यांनी निघताना सांगितलं, आधी सटवाजीला दाखवा, मग दवाखाना. मी पण न्हाई म्हनलं न्हाई. मला वाटलं, ह्यांचा जीव तितंच वाचला व्हता."

"किती वेळ होता तिथं?"

"गेलो तवा दिवस व्हता, बाबा. निघालो तवा दिवे लागले व्हते."

धुरपताबाई आता थांबू शकत नव्हत्या.

"त्यानं लिंबाच्या डहाळ्यानं झाडलं. पायाला दोरा बांधला. कायबाय म्हनत व्हता. पोरीच्या पापण्या मिटायल्या. मी म्हनलं, बाबा, हिचे डोळे उघडंनात. तर म्हनला, गुंगी यायली म्हंजी इख उतरायलंय. झोपू द्या तिला. म्हनून मी थोपटलं. मी माझ्या हातानं थोपटलं तिला."

राजेश्रीनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला. धुरपताबाईंनी तो काढून टाकला.

"मग?" परमेश्वर म्हणाला.

"मग मी उचलली," महारुद्र म्हणाला. "माझ्याच्यानं बघवंना. सटवाजी न्हाई म्हनत व्हता, मी न्हाई ऐकलं. पण लय उशीर केला मी. फाट्यावर मला वाटलं व्हतं की सरळ जावं. गाडी हळू केली व्हती मी, परमेश्वर. पण आबांनी सांगितलं व्हतं."

परमेश्वर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. महारुद्रही उठला आणि हात खाली सोडून उभा राहिला. आता काय होईल ते होऊ दे असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. राजेश्री दोघांच्या मधे आली.

"मला पण माहीत होतं," ती परमेश्वरला म्हणाली. "दुसऱ्या दिवसापासून. नुसतं त्यांनाच धरू नका."

परमेश्वरनं हात उचललाच नाही. तो खाली बसला, भावाच्या पायापाशी, आणि जमिनीवर कपाळ टेकून कण्हल्यासारखा आवाज काढू लागला. महिनाभर तो बाहेरच्या माणसांसमोर एकदाही रडला नव्हता. महारुद्र खाली वाकला, पण त्याला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

लिंबाजी पायरीवरून उठून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला.

*

किशनराव खांबाला टेकून तसेच बसले होते. त्यांना वाटलं होतं की हे बाहेर आलं तर आपण ओरडू, सगळ्यांना गप्प करू. पण छातीत तेवढं वारंच उरलं नव्हतं.

दहा-बारा वर्षांचे असताना त्यांना ओढ्याच्या काठी साप चावला होता. बापानं पाठीवर टाकून सटवाजीच्या बापाकडं नेलं. रात्रभर खाटेवर पडून होते आणि सकाळी उठून बसले. आईनं त्या वस्तीवर नारळ फोडला. तो साप विषारी होता की नव्हता, हे पुढं कुणी विचारलं नाही, त्यांनीही नाही. मोठेपणी गावात कुणाला पान लागलं की ते स्वतः सांगायचे, मी जिता हाय बघा. श्रावणातल्या त्या संध्याकाळी महारुद्रनं गाडी काढली तेव्हा त्यांच्या मनात तसूभर शंका नव्हती. ते वाट बघत वट्ट्यावर बसले होते. पोरगी हसत येईल, आणि तिला सांगू, तुझा आजा पण असाच आला होता.

दत्तरावांच्या जीपमधून तिला खाली उतरवलं तेव्हा त्यांना कळलं. त्यानंतर महारुद्रच्या तोंडून पंक्चरचं ऐकलं आणि त्यांनी ते धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी माणसं भेटायला आली, कुठं चावलं विचारू लागली, तेव्हा त्यांनी वेलीकडं बोट केलं. एकदा केलं, मग रोज करत राहिले.

"मला वाचवलं व्हतं त्याच्या बापानं," ते म्हणाले. "सूनबाई, मी माझ्या नातीला मरायला न्हाई पाठवलं."

"ते मला माहीत हाय, मामा," निकिता म्हणाली.

"माझं काळीज व्हती ती."

"ते पण माहीत हाय. तुमी आला असता माझ्याकडं, म्हनला असता चुकलं माझं, तर मी तुमच्या पायाशी बसून रडले असते. मला तरी दुसऱ्या कुणासंगं रडायचं होतं? पण तुमी मला मारेकरी केलं. वेल म्हनलं की ती मीच की. एवढं गावाला कळतंय, तुमाला कळत न्हवतं का?"



निकितानं पायरीखालचा कोयता उचलला.

"राहू दे," किशनराव म्हणाले. ते खांब धरून उठले. "सूनबाई, राहू दे ती. नको तोडू. मी लिंबाजीला सांगतो माघारी जायला."

"सकाळपासून तोडायची होती ना तुमाला?"

"नको आता. राहू दे म्हनलं की."

"मी बोलले ते करणार."

ती वेलीकडं गेली. परमेश्वर तोवर उठून बसला होता. त्यानं बाहीनं तोंड पुसलं, तिच्या मागं गेला आणि कोयत्यासाठी हात पुढं केला. तिनं दिला नाही.

"खोड धरा," ती म्हणाली.

त्यानं दोन्ही हातांनी खोड धरलं. ते मनगटाएवढं जाड झालं होतं. निकितानं आधी तारेला बांधलेल्या चिंध्या एक-एक करून कापल्या, मग खाली बसून बुडाशी घाव घातले. मांडवाचं सगळं ओझं एका बाजूला कललं आणि हळूहळू खाली आलं. परमेश्वरच्या डोक्यावर, खांद्यांवर फुलं पडली. ती त्यानं झाडली नाहीत.

जाई बुडातून परत फुटते. हे त्या घरात फक्त निकिताला आणि राजेश्रीला माहीत होतं. वेल खाली आल्यावर निकितानं कोयता ठेवला आणि कुदळ मागितली. राजेश्रीनं ती आणून दिली. निकितानं सकाळी मोकळं केलेलं आळं खोल खणायला घेतलं. मोरीच्या दिशेनं गेलेलं मोठं मूळ, भिंतीखाली शिरलेलं मूळ, एक-एक ओढून काढलं. राजेश्री शेजारी बसून हातानं माती उपसत होती. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. महारुद्र आला आणि खाली पडलेल्या फांद्या ओढून कुंपणाकडं नेऊ लागला. कुणी त्याला नको म्हणालं नाही आणि कुणी त्याच्याशी बोललंही नाही.

किशनराव खांब धरून उभे होते. मांडव गेला तसं वट्ट्यावरून रस्ता सरळ दिसू लागला. रस्त्यावर माणसं थांबली होती. कुणीतरी विचारलं, "तोडली का शेवटी, किशनराव?" ते आत गेले.

*

ऊन उतरायच्या आधी नागेशनं गाडी दारात आणली. निकितानं एक पिशवी भरली होती. परमेश्वरनं आपले कपडे दुसऱ्या पिशवीत टाकले तेव्हा तिनं त्याच्याकडं बघितलं.

"मी पण येतो," तो म्हणाला. "तिथं राहू का नको ते तू सांग. पण इथं मी न्हाई राहू शकत. आधी वालूरच्या रस्त्यानं घ्यायची गाडी."

"कशाला?" नागेशनं विचारलं.

"सटवाजीच्या दारात उभा राहतो. काय झालं ते तिथल्या माणसांना सांगतो. रोज तिथं जायचं, रोज सांगायचं. दुसरं मला काय येतं?"

निकितानं त्याच्या केसात अडकलेलं एक पान काढलं आणि ती गाडीकडं निघाली.

धुरपताबाई फाटकापर्यंत आल्या. राहा म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. सून पाया पडणार नाही हे त्या धरूनच चालल्या होत्या. पण निकिता गाडीचं दार उघडून थांबली, परमेश्वर आत बसेपर्यंत तशीच उभी राहिली, आणि मग परत त्यांच्याजवळ आली.

"आत्या, एक विचारू?"

"विचार."

"तिथं सटवाजीकडं, डोळे मिटायच्या आधी, ती काय बोलत होती?"

धुरपताबाईंना चटकन एक खोटं सुचलं. तुझं नाव घेत होती, म्हणावं. आई म्हणत होती. ऐकून हिला जरा बरं वाटेल. पण आज दुपारपासून तोंडातून खोटं निघेना झालं होतं, आणि निकिता त्यांच्या डोळ्यांत बघत होती.

"पाणी मागत व्हती," त्या म्हणाल्या.

"दिलं?"

"न्हाई. सटवाजी म्हनला पाणी पाजायचं न्हाई, इख चढतंय. लय डाव मागितलं तिनं. आजी, एक घोट दे म्हनली. मी न्हाई दिलं."

गाडीत नागेशनं इंजिन चालू केलं होतं. निकितानं त्याला हातानं थांब म्हणून खूण केली.

"दत्तरावांनी मला बाटली आणून दिली होती," ती म्हणाली. "दवाखान्याच्या दारात उभी होते मी. ते म्हणाले, प्या जरा, तुमचा घसा कोरडा पडला असंल. मी उघडली न्हाई ती. म्हनलं, ती आली की मागंल."

धुरपताबाई फाटक धरून खाली बसल्या. निकिता त्यांच्याजवळ थोडा वेळ उभी राहिली. त्यांना उठवायला तिनं हात दिला नाही, आणि ती लगेच गेलीही नाही. मग ती गाडीत बसली, आणि गाडी फाट्याकडं गेली.